भट्टीचा दर नगावर नको, घनफळावर ठेवा
सगळ्यांच्या सामायिक भट्टीत मातीची भांडी भाजायला प्रत्येक नगाला सारखा दर घ्यावा, ही सूचना सोपी वाटते, पण त्यात छोट्या वाट्या करणारे उंच सुरयांचा खर्च भरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा. गुणाकाराआधी प्रत्येक मापात १ सेंमी वाढवा, कारण ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावलेली भांडी भट्टीत एकमेकांना टेकली की चिकटतात. दरात विजेसोबत एलिमेंट (तापणाऱ्या तारा), थर्मोकपल (तापमान मोजणारा भाग) आणि भांडी ठेवायच्या शेल्फची झीजही धरा. हे हमखास राहून जातं.

तळापासून ३ मिमी ग्लेझ पुसलेलं नसेल तर भांडं भट्टीत घेऊच नका. आणि कळकळीची विनंती, टेराकोटाच्या उरलेल्या मातीची बादली वेगळी ठेवा. त्यातला गोळा चुकून स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) समजून १२२० अंश सेल्सिअसला भाजला गेला, तर फुगतो, वितळतो आणि शेल्फ खराब करतो.