मदत हवी आहे: गॅरेजचं दार फळीला टेकूनही मागे फिरत नाही
आमच्या गॅरेजचं मोटरवरचं दार अर्ध्यावर येऊन परत वर जायचं. जमिनीपासून साधारण १५ सेंमीवरचे दोन्ही सेन्सर (मध्ये काही आडवं आलं तर दार मागे फिरवणारे) पुसले, समोरासमोर जुळवले. आता दार बंद होतं. पण खरी काळजी पुढची आहे. चाचणीसाठी दाराखाली ४ सेंमी जाडीची फळी आडवी ठेवली, तर दार तिला टेकूनही उलटं फिरलं नाही, दाबतच राहिलं! घरात लहान मुलं आहेत, म्हणून मोटरचा प्लगच काढून ठेवलाय. दार मोटरपासून सोडवून हाताने उचललं तर जड लागतं, अर्ध्यावर थांबत नाही, खाली येतं. दाराचं वजन पेलणारी स्प्रिंग सैल झाली असेल, की मोटरच्या दाबाचं सेटिंग जास्त आहे? स्प्रिंगला मी हात लावणार नाही, तिच्यात ताण फार असतो. कारागीर येईपर्यंत आणखी काय तपासू?