मदत हवी आहे: स्पिटफायरच्या फोटोत पंखा फिरताना दिसावा यासाठी काय करू?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या जुन्या हवाई तळावर बॅटल ऑफ ब्रिटन एअरशो असतो, स्पिटफायरसारखी दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची लढाऊ विमानं तिथे उडतात. मी केंब्रिजजवळ राहतो आणि यंदा आईबाबा त्याच सुमाराला इथे येत आहेत. बाबांची सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये, मिगच्या दुरुस्तीत गेली. मागे त्यांना इथल्या हरिकेनचा, म्हणजे तशाच एका जुन्या लढाऊ विमानाचा, उडतानाचा एक फोटो पाठवला होता, शेपटाकडची अक्षरं वाचता येतील इतका स्वच्छ. लगेच फोन आला, "अरे, पंखा थांबलाय की. मग हे वर कसं राहिलं?"

त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं की पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. जेटला ही अडचण नाही. टायफून असो नाहीतर रेड ॲरोजची हॉक, १/१६०० लावायचं आणि मोकळं व्हायचं. मला मात्र बाबांच्या भिंतीवर लावायला स्पिटफायरचा जिवंत फोटो हवा आहे, आणि तो डक्सफर्डचाच हवा आहे. १९३८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या १९ नंबर स्क्वाड्रनला पहिलं स्पिटफायर मिळालं ते याच तळावर.

सामान असं: निकॉन डी७५०० आणि २००-५०० एमएम एफ/५.६ लेन्स. एवढी लांब लेन्स लागतेच. २०१५ साली शोरहॅमला हॉकर हंटर कोसळून ११ जण गेले, त्यानंतर प्रेक्षकांपासून विमानांच्या अंतराचे नियम कडक झाले, आणि ते योग्यच झालं.

अडचणी दोन. पहिली शटरची. १/१२५ च्या आसपास ५०० एमएमवर विमान हललेलं येतं, आणि वेग वाढवला की पंखा थांबतो. मधला रस्ता नेमका कुठे आहे? स्पिटफायर, हार्वर्ड आणि टायगर मॉथ ही प्रशिक्षण विमानं, बी-१७ बॉम्बर या सगळ्यांना एकच आकडा चालतो का?

दुसरी अडचण उजेडाची. डक्सफर्डची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि प्रेक्षक तिच्या उत्तरेला. म्हणजे दिवसभर तोंड दक्षिणेकडे. सप्टेंबरच्या मध्यात दुपारी एकला सूर्य समोर, जेमतेम ४० अंशांवर असतो. आकाश पांढरंफटक आणि विमानाचं पोट काळंठिक्कर. यावर जागा बदलून काही फरक पडतो, की सगळं एक्स्पोजरवरच निभवायचं?

कुणी तिथे किंवा येलहंकाला एअरो इंडियामध्ये जुन्या विमानांचे फोटो काढले असतील तर जरूर सांगा.

प्रतिसाद १

एकच आकडा चालणार नाही, आणि त्याचं कारण इंजिनात आहे. तुमच्या बाबांना हे आवडेल.

स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला रिडक्शन गिअर असतो. इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरत असलं तर पंखा त्याच्या निम्म्याहून किंचित कमी, साधारण ११५० फिरतो. म्हणजे सेकंदाला १९ फेरे. आता हिशेब करा: १/१००० मध्ये पातं फक्त ७ अंश सरकतं, १/२५० मध्ये २७, १/१२५ मध्ये ५५. चार पात्यांचा पंखा असेल तर पूर्ण गोल चकती दिसायला ९० अंश हवेत, म्हणजे १/८० च्याही खाली जावं लागेल. त्याच्या मागे लागू नका. माझ्या मते ३० ते ५० अंशांचा फराटा सर्वांत देखणा दिसतो. पातं कुठे आहे तेही कळतं आणि फिरतंय तेही कळतं.

हार्वर्ड आणि टायगर मॉथचा पंखा थेट इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन २००० ला असेल तर पंखाही २००० ला. म्हणून हार्वर्डला १/२५० वरच ४८ अंश मिळतात. बी-१७ ला गिअर आहे, तिला स्पिटफायरच्याच पंगतीला बसवा. चिनूक हेलिकॉप्टर आलं तर त्याचे रोटर मिनिटाला अवघे २२५ फेरे घेतात, तिथे १/६० चं शटरसुद्धा जास्त वेगाचं वाटेल.

आणखी एक. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, इंजिन मंद चालतं, पंखाही सावकाश फिरतो, तेव्हा शटर आणखी खाली आणावं लागतं. उलट टेकऑफला इंजिन पूर्ण जोरात असतं, १/२०० वरही छान फराटा मिळतो आणि विमानाचा वेग अजून कमी असतो. तुमच्या भिंतीवरचा फोटो तिथेच मिळेल असं मला वाटतं.

हलल्याबद्दल: विमान अगदी आडवं समोरून जातानाच हळू शटर वापरा. वळण घेत असेल तर नाक आणि शेपूट वेगवेगळ्या गतीने सरकतात. कॉकपिटची चौकट धारदार येते आणि पंखाचं टोक पुसलं जातं, तुम्ही कॅमेरा कितीही सफाईने फिरवा. पाय जिथे फोटो घ्यायचाय त्या दिशेला रोवा, कमरेतून वळा, आणि बटण सोडल्यावरही विमानाचा पाठलाग चालू ठेवा. लेन्सचं व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) स्पोर्ट मोडवर ठेवा. आधी १/३२० ने दोन-चार खात्रीचे फोटो घ्या, मग १/२०० आणि १/१६० वर या. निम्म्याहून जास्त फोटो वाया जातील, सगळ्यांचेच जातात.

प्रतिसाद २

जागेने फार फरक पडतो. पश्चिमेच्या टोकाला, अमेरिकन एअर म्युझियमच्या बाजूला उभे राहा आणि डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे बघत फोटो काढा. तीननंतर सूर्य नैऋत्येला सरकतो आणि तुमच्या उजव्या खांद्यामागे येतो. वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असल्यामुळे विमानं पश्चिमेकडे टेकऑफ करतात. तुमच्यासमोर येईपर्यंत स्पिटफायर हवेत असतं आणि चाकं आत जाताना दिसतात.

दुपारी एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. आकाश मध्ये आलं की कॅमेरा फसतो. विमानाच्या हिरव्या-तपकिरी रंगाला धरून साधारण एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या, आकाश जळलं तर जळू द्या. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा.

भर उन्हात आयएसओ १०० आणि १/१०० ला छिद्र एफ/१६ पर्यंत जातं. तिथे धार कमी होते आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आकाशात उठून दिसतो. दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावलात की एफ/८ वर याल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गिअरचा हिशेब बाबांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि नंतरच्या स्पिटफायरमधल्या ग्रिफन इंजिनाचा आकडाही विचारलाय. कुणाला माहीत असेल तर लिहा.

पश्चिमेची जागा पक्की. सराव म्हणून आजपासून रस्त्यावरच्या गाड्यांवर १/१६० सुरू करतोय. एक राहिलं: माझ्या लेन्सला ९५ एमएमचा फिल्टर लागतो आणि तो बराच महाग आहे. एका दिवसासाठी भाड्याने मिळतो का, की पोलरायझर फिल्टरवर भागेल? आणि बाबांना दिवसभर उभं राहणं जमणार नाही. त्या टोकाला घडीची खुर्ची टाकून बसलं तर पुढच्या माणसांच्या डोक्यांवरून धावपट्टी दिसते का?