शब्दचर्चा: जेनने केलं ते लोभापोटी की लोभापायी?

'फायरफ्लाय' परत एकदा बघून संपवली. चौदा भागांची मालिका, संपायला वेळ तो किती लागणार! ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जॉस व्हीडनची, २००२ मध्ये फॉक्स वाहिनीवर आलेली. अंतराळयानंही आहेत आणि घोडेही. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा सार्जंट मॅल एका जुनाट मालवाहू यानाचा कप्तान होतो आणि मिळेल ती कामं करतो, बहुतेक बेकायदा. चौदांपैकी अकरा भाग दाखवून वाहिनीने मालिकेचा गाशा गुंडाळला.

प्रश्न असा. 'एरियल' या भागात मॅलच्याच यानावरचा जेन (पुरुष आहे, नावावर जाऊ नका) बक्षिसाच्या रकमेसाठी यानावर आसरा घेतलेला फरारी डॉक्टर सायमन आणि त्याची बहीण रिव्हर यांना सरकारच्या हवाली करतो. यावर मी एक टिपण लिहीत होते आणि 'जेनचा मोटिव्ह' इथेच अडले. 'उद्देश' म्हटलं की प्रयोगवही आठवते: उद्देश, साहित्य, कृती. 'प्रेरणा' सत्काराच्या भाषणातली. 'मतलब' म्हणजे आधीच गुन्हेगार ठरवणं. 'हेतू' लिहिला, पण जेनने एवढा विचार केला असेल असं वाटत नाही. काय लिहू?

प्रतिसाद १
मोटिव्हच लिहा. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद २
कळतं, पण मराठीत नाम शोधताय हीच गोची आहे. आपण हे काम शब्दयोगी अव्ययांवर सोपवलंय. बातम्या बघा: 'पूर्ववैमनस्यातून', 'संशयातून', 'आकसापोटी'. खुनाचा 'हेतू' क्वचित, बाकी सगळं -तून आणि -पोटी.
आणि त्यांच्यात फरक आहे. 'पैशासाठी' म्हणजे पैसा पुढे दिसतोय, माणूस तिकडे निघालाय. 'लोभापोटी' म्हणजे लोभ आतच होता, कृत्य त्याच्या पोटातून आलं. 'लोभापायी' म्हणालात की त्यात नुकसान आलं. आमची आजी 'तुझ्यापायी दूध उतू गेलं' म्हणायची. 'तुझ्यापायी दूध छान आटलं' असं कधी नाही.
म्हणून जेनने दगा दिला पैशासाठी, लोभापोटी. आणि लोभापायी स्वतःही अडकला, कारण ज्याच्याशी सौदा केला त्या सरकारी अधिकाऱ्याने बक्षीस खिशात घालून यालाही बेड्या ठोकल्या. एकाच माणसाला तिन्ही लागू.

प्रतिसाद ३
पोट आणि पाय. बाकीच्या अवयवांनी काय घोडं मारलंय?

प्रतिसाद ४
'हेतू'वर मात्र अन्याय नको. हल्ली त्याचा अर्थ 'मनातला बेत' इतकाच उरलाय. न्यायशास्त्रातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, हेतू वेगळा. डोंगरावर आग आहे, कशावरून? धुरावरून. इथे धूर हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार. तो आधारच खोटा असला की हेत्वाभास.
आता 'जेन्सटाउन' आठवा. चोरीचा पैसा घेऊन पळताना यान खाली यायला लागलं, वजन कमी करायचं म्हणून जेनने आधी साथीदाराला ढकललं आणि मग पैसा टाकला. तो नेमका चिखल उपसणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर पडला. त्यांनी पुतळा उभारला, गाणं रचलं. धूर पाहिला आणि औदार्याची आग ठरवून टाकली! शेवटी एक पोरगा जेनवर झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो, तेव्हा जेन आपलाच पुतळा पाडतो. पडद्यावर हेत्वाभासाचा इतका चोख नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रतिसाद २
वा. हे सुचलं नव्हतं.

प्रतिसाद ५
मॅलचं काय मग? 'द ट्रेन जॉब'मध्ये त्याने लुटलेला माल गावाला लागणारं औषध निघतं आणि तो ते परत करतो. दयेपोटी? तत्त्वाखातर?
मला 'खातर' पटतं. ख़ातिर म्हणजे मूळ अरबीत मन. आपल्या 'खातरजमे'त आणि 'खातरदारी'त तेच आहे. दुसऱ्याचं मन राखायचं म्हणून करतो ते 'खातर': भिडेखातर, मैत्रीखातर.

प्रतिसाद ६
असहमत. शेरीफ म्हणतो की सगळं कळल्यावर माणसापुढे निवड असते, आणि मॅलचं उत्तर असं की निवड नसतेच. याला 'खातर' कसं म्हणणार? याला मराठीत एकच शब्द आहे: 'न राहवून'. करणारा मी नाही, मला राहवलं नाही. 'सेफ'मध्येही तेच. आवडत नसलेल्या सायमनला सोडवायला तो परत येतो. सायमन कारण विचारतो तर म्हणे, तू माझ्या यानावरचा आहेस, विषय संपला. आपल्याकडे 'आपला माणूस' म्हटल्यावर पुढे कारण विचारत नाहीत, तसं.
बाय द वे, हे वाद अजून चालतात त्यात वाहिनीचाही हात आहे. दोन तासांचा पहिला भाग, ज्यात मॅल युद्धात काय हरला ते दिसतं, तो त्यांनी डिसेंबरात सगळ्यात शेवटी दाखवला. सुरुवात 'ट्रेन जॉब'ने केली. माणूस असा का वागतो ते मागून सांगितलं तर प्रेक्षक आपापले हेतू चिकटवणारच.

प्रतिसाद १
बरं, मोटिव्ह मागे घेतो. पण यानावरच्या पाद्री बुकला काय लावाल? तो जखमी होतो तेव्हा त्याचं ओळखपत्र बघून सरकारी जहाज मुकाट्याने त्याच्यावर उपचार करतं, आणि मालिका त्याचं कारण सांगायच्या आत बंद.

प्रतिसाद ४
धूर भरपूर, डोंगरच दाखवला नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. टिपणात 'लोभापोटी' घेतलं, पुढच्या परिच्छेदात 'लोभापायी'. आता एकच अडचण. 'एरियल'च्या शेवटी, दगा कळल्यावर मॅलने यानाच्या दारात कोंडल्यावर जेन विनवतो की मला टाका बाहेर, पण मी काय केलं ते बाकीच्यांना सांगू नका. म्हणूनच मॅल त्याला सोडतो असं मला वाटतं. आणि पुढच्याच भागात हा सगळ्यांसाठी सफरचंदं विकत आणतो! ही सफरचंदं कशापोटी? 'पश्चात्तापापोटी' जेनला फार मोठं होतंय.

प्रतिसाद ६
ओशाळून.