प्रतिसाद: ग्रेटफुल डेड, कॉर्नेल १९७७

वर कुणी म्हटलंय की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मैफलीतलं एकच गाणं पंचवीस मिनिटं ऐकवत नाही. अहो, ती दोन गाणी आहेत! ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपतं कुठे आणि ‘फायर ऑन द माउंटन’ सुरू होतं कुठे, तो सांधा हेडफोन लावून शोधा. फिल लेशचा बास हळूच वळण घेतो, गार्सियाची गिटार मागून येते. ख्यालातली बढत ऐकणाऱ्याला हे जड जाऊ नये.

आणि श्रेय ध्वनिमुद्रक बेटी कँटरलाही द्या. ८ मे १९७७ ला कॉर्नेलच्या बार्टन हॉलमध्ये, म्हणजे चक्क व्यायामशाळेत, तिने इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण केलं! तिच्या टेप पुढे लिलावात गेल्या. अधिकृत अल्बम थेट २०१७ मध्ये. तोवर आम्ही कॉपीची कॉपीच ऐकत होतो, खरखरीसकट.