डब्लिनमध्ये बसून लेस्टरचा माल, आणि आईचं विमान : ब्रेक्झिटचे जाणकार आहेत का कोणी?

गोदाकाठचा

मंडळी, नाशिक सोडून डब्लिनला येऊन मला चार वर्षं झाली. नोकरी आयटीतली. बायकोने एका दिवाळीला ओळखीच्या चार घरांना फराळ दिला आणि तिथून सगळं सुरू झालं. स्टॅम्प फोर, म्हणजे इथे राहून स्वतःचा धंदाही करता येतो असा परवाना, हातात आल्यावर धंदा रीतसर नोंदवला. आता महिन्याला साठेक घरांना पोहे, भाजणी, मेतकूट, पापड, लोणचं आणि चपातीचं पीठ पोचवतो. गोदाम म्हणजे आमची मागची खोली. पाहुणे आले की ते लोणच्याच्या खोक्यांशेजारी झोपतात.

माल सध्या इथल्याच एका ठोकवाल्याकडून घेतो. माझी ताई आणि दाजी ब्रिटनमध्ये लेस्टरला असतात. दाजींनी तिथल्या ठोक दुकानाची किंमतपट्टी व्हॉट्सॅपवर धाडली आणि माझी झोप उडाली. तेच पाकीट, तोच छाप, आणि भावात एवढा फरक!

तर प्रश्न असे :

एक. लेस्टरहून व्हॅन भरायची, हॉलीहेड बंदरात बोटीत चढवायची, सव्वातीन तासांत डब्लिन. ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तेव्हा दोघांत झालेल्या करारात टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, शून्य आहे असं मी स्वतः वाचलंय. तरी ज्याला विचारावं तो हात जोडतो. का?

दोन. ही दाजींची आयडिया. माल स्कॉटलंडमार्गे बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनच्याच ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, उतरवायचा. ते ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्येच झालं. तिथून डब्लिन दोन तास, आणि वाटेत चेकपोस्टच नाही. मग अडचण काय?

तीन. आई मार्चमध्ये येतेय, आयरिश व्हिसा मिळालाय. तिला आठ दिवस ताईकडे जायचंय, मीही सोबत जाईन म्हणतो. विमानाला ब्रेक्झिटमुळे काही वेगळं लागतं का? ऑफिसातला एक जण म्हणाला की ही विमानंही कमी होणार आहेत.

बंदरावरची

गोदाकाठदादा, मी डब्लिन बंदराशेजारी एका क्लिअरिंग एजंटकडे डिक्लेरेशनं, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सचे कागद, भरते. मूळची रत्नागिरीची, म्हणजे बंदर काही नवीन नाही. तुमचा पहिला प्रश्न मला आठवड्यातून दोनदा फोनवर येतो. उत्तर एका शब्दात : गोत्र.

टॅरिफ शून्य आहे, बरोबर. २४ डिसेंबर २०२० ला करार ठरला त्यात तसंच आहे. पण शून्य कोणाला? ज्या मालाचा जन्म ब्रिटनमधला त्याला. तुमचं लोणचं जन्मलं भारतात. जहाजाने ब्रिटनला गेलं, तिथलं शुल्क भरलं, लेस्टरच्या गोदामात दोन महिने बसलं. नुसतं बसून गोत्र बदलत नाही. डब्लिनला आलं की युरोपच्या लेखी तो भारतीयच माल, मग भारतीय मालाला जे शुल्क असेल ते पुन्हा. एकाच बरणीवर दोनदा! २०२१ च्या जानेवारीत पर्सी पिग नावाच्या गुलाबी गोळ्यांवरून केवढी बोंब झाली होती. विकणारं दुकान अस्सल ब्रिटिश, गोळ्या बनतात जर्मनीत. जर्मनीहून ब्रिटनला आल्या, तिथून डब्लिनला निघाल्या, आणि युरोपात बनलेल्या गोळीला युरोपात शिरताना शुल्क लागू झालं.

पिठाचं तर विचारूच नका. आयर्लंडला लागणाऱ्या पिठातलं बहुतेक पीठ ब्रिटनमधल्या गिरण्यांतून येतं. तुम्हाला वाटेल, गिरणी ब्रिटिश म्हणजे पीठ ब्रिटिश. पण दळल्याने गोत्र मिळत नाही, गहू कुठला ते बघतात. ब्रिटन-युरोपबाहेरचा, म्हणजे कॅनडाचा वगैरे, गहू १५ टक्क्यांच्या वर गेला की टनाला १७२ युरो. दहा किलोच्या पिशवीला झाले १ युरो ७२ सेंट. आणि चिवट चपातीच्या पिठात कडक गहू घालतात हे तुमच्या बायकोला विचारा. बासमतीचीही तीच गत. ठरावीक जातींचा ब्राऊन बासमती भारतातून युरोपात बिनशुल्क येतो, पण तोच ब्रिटनमध्ये पॉलिश करून इकडे आणला तर शुल्क. नुसत्या पॉलिशने तांदूळ ब्रिटिश होत नाही म्हणे.

पळवाट आहे, नाही असं नाही. ब्रिटनचं शुल्क न भरता माल बॉण्डेड गोदामात, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात, ठेवायचा आणि ट्रान्झिटवर, म्हणजे तिथे आयात न करता नुसता पार करून, थेट इकडे आणायचा. मोठे लोक करतात. साठ घरांच्या पोह्यांसाठी एवढा उपद्व्याप कोणी अंगावर घेणार नाही.

आणि शुल्क परवडलं तरी कागद आहेतच. ईओआरआय, म्हणजे कस्टम्सकडचा व्यापाऱ्याचा नंबर, प्रत्येक वस्तूचा कोड, बोटीत चढण्याआधी पीबीएन, म्हणजे ट्रकमध्ये काय आहे याची आगाऊ नोंद. तुमचा माल थोडा, म्हणजे तो ग्रूपेजमध्ये जाणार : एक ट्रक, वीस जणांची खोकी. त्यातल्या एकाचा कागद चुकला की वीसही जण अडकले. २०२१ च्या फेब्रुवारीतला आमचा एक ट्रक मला अजून आठवतो. कागदावर ‘मिठाई’ एवढंच. उघडल्यावर आत बर्फी आणि पेढे, म्हणजे दूध, म्हणजे पशुवैद्यकीय सर्टिफिकेट हवं आणि माल येतोय हे आधी कळवायला हवं. दोन्ही नव्हतं. मागे कोणाचे तरी बूट होते, कोणाच्या सायकलच्या साखळ्या. तो सायकलवाला मला रोज सकाळी नऊ वाजता फोन करायचा आणि विचारायचा, माझ्या साखळ्या कोणत्या गाईच्या दुधाच्या आहेत ते कळलं का?

आता दाजींची आयडिया. दाजींना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की याला स्मगलिंग म्हणतात.

डब्लिन-बेलफास्ट रस्त्यावर चेकपोस्ट नाही, खरं आहे. मी दर महिन्याला जाते. किलोमीटरच्या पाट्या मैलांच्या होतात, कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते, तेवढ्यावरून कळतं की देश बदलला. सीमा पाचशे किलोमीटरची आणि तिच्यावरून जाणारे रस्ते दोनशेच्या वर. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर तिथे पुन्हा फाटक बसवायची कोणाची हिंमत नाही. म्हणून तर ते फाटक उचलून समुद्रात नेलं. मालापुरतं उत्तर आयर्लंड युरोपच्या नियमांत राहिलं आणि तपासणी ब्रिटनहून बेलफास्टला येणाऱ्या बोटीवर आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे दोन रांगा आहेत. हिरव्या रांगेत कागद कमी, पण ती नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यांची, आणि माल उत्तरेतच विकला जाणार या बोलीवर. कित्येक पाकिटांवर तर ‘नॉट फॉर ईयू’, म्हणजे युरोपीय संघासाठी नाही, असं छापलेलंच असतं. ते पाकीट तुम्ही डब्लिनच्या घरात पोचवणार आणि वर पावती देणार? लाल रांगेतून आणलात तर कागद आणि शुल्क सगळं आलंच, मग स्कॉटलंड बघायची हौस तेवढी वेगळी.

माझं ऐकाल तर रॉटरडॅमचा ठोकवाला शोधा. भारतातून तिथे आलेला माल एकदा शुल्क भरला की अख्ख्या युरोपात मोकळा. बोट थेट डब्लिनला येते, मध्ये ब्रिटन लागतच नाही. पूर्वी इथले ट्रक ब्रिटन आडवं कापून डोव्हरहून फ्रान्सला जायचे. २ जानेवारी २०२१ ला आयर्लंडमधल्या रॉसलेअरहून फ्रान्समधल्या डंकर्कला थेट बोट सुरू झाली, चोवीस तासांची. ड्रायव्हर आत झोपतो, जेवतो, सकाळी फ्रान्स. डिसेंबर २०२४ च्या वादळात हॉलीहेडचा धक्का मोडला आणि बंदर जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद पडलं, तेव्हा ऐन नाताळात सगळ्यांना रॉसलेअर आठवलं.

विमानाचं मला कळत नाही. विमानदुरुस्तीतले आपले पानावाले दादा इकडे येतात का बघा.

चौकस पुणेकर

ज्यांनी ब्रेक्झिटला मतदान केलं त्यांनी निस्तरावं. आपण कशाला एवढा जीव टाकायचा?

बंदरावरची

कारण पोहे आपले आहेत.

तेराचौदाचा पाना

आलो. मी शॅननला विमानांच्या दुरुस्तीत आहे.

विमानं कमी होणार ही बातमी तुमच्या ऑफिसातल्याने २०१८ सालची वाचली असावी. तेव्हा भीती खरी होती. मालाचा करार फिसकटला असता तरी खाली डब्ल्यूटीओचे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे, नियम होते, महाग पण होते. विमानाला तसला आधार नाही. १९४४ च्या शिकागो करारापासून रीतच अशी की दोन सरकारांनी आपसात ठरवल्याशिवाय नियमित प्रवासी विमान एकमेकांकडे जात नाही. युरोपच्या आत हे सगळं मोकळं होतं, आणि ब्रिटन बाहेर पडताना तो मोकळेपणा संपणार होता. शेवटी करारात विमानांचं प्रकरण आलं. ब्रिटनचं विमान युरोपात जाऊन परत येऊ शकतं, युरोपचं ब्रिटनमध्ये. डब्लिन-लंडनला त्याने काही फरक पडला नाही, तिथे आजही एसटीसारखी विमानं सुटतात.

फरक पडला तो आडव्या उड्डाणांना. ब्रिटिश परवान्यावर डब्लिन-पॅरिस उडवता येत नाही, आयरिश परवान्यावर लंडन-एडिंबरा नाही. इझीजेटने २०१७ मध्येच व्हिएन्नाला वेगळी कंपनी काढली. पुढच्या वेळी नारंगी विमानात चढाल तेव्हा शेपटीकडची अक्षरं बघा. जी असेल तर ब्रिटिश, ओई असेल तर ऑस्ट्रियन. रंग तोच, खुर्च्या त्याच, पासपोर्ट वेगळा. रायनएअरने उलट ब्रिटनमध्ये कंपनी काढली. वर युरोपचा नियम असा की कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी युरोपीय हातात हवी. म्हणून २०२१ च्या १ जानेवारीपासून रायनएअरने ब्रिटिश भागधारकांचा मताचा हक्कच काढून घेतला. शेअर तुझा, बोलायचं नाही.

आमच्यावर बेतलं ते परवान्यावरून. माझं मेकॅनिकचं लायसन ब्रिटनचं होतं. ब्रिटन युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेतून बाहेर पडलं आणि त्या लायसनवर युरोपच्या विमानाची सही करायला मनाई झाली. मी २०२० मध्येच ते आयर्लंडला वर्ग करून घेतलं. माझ्या शेजारच्या बाकावरचा गडी ‘शेवटच्या दिवशी काहीतरी तोडगा काढतील’ म्हणत बसला. एकवीस वर्षं इंजिन उघडतोय, पण जानेवारीत माझ्या हाताखाली काम करायची पाळी त्याच्यावर आली. बोल्ट तो आवळायचा, सही मी करायचो. दोघांनाही लाज वाटायची.

आता तुमच्या आईंचं. याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. आयर्लंड आणि ब्रिटनमधला मोकळा प्रवास १९२० च्या दशकापासूनचा आहे, पण तो त्या दोन देशांच्या नागरिकांसाठी. आपल्याला दोन वेगळे व्हिसे. मात्र भारतीयांसाठी एक सोय आहे : आईंच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर आधी आयर्लंडमध्ये उतरायचं, आणि इथे जेवढे दिवस मिळतील तेवढ्यात ब्रिटनला जाऊन येता येतं. तुमचं काय? इथलं राहण्याचं कार्ड असलं तरी तुम्हाला ब्रिटनचा व्हिसा लागणारच, बेलफास्टच्या बसलाही. बसमध्ये बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, पण अधूनमधून विचारतात, आणि मग पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर ते लिहावं लागतं.

सांगेकार

आमच्या गोव्यात ब्रेक्झिट म्हणजे मालाबिलाचं नाही, पासपोर्टाचं. १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज अमलात, जन्मलेल्यांच्या पोरानातवंडांनी पोर्तुगालचा कागद केला आणि ब्रिटनमधल्या स्विंडनला गेली. माझा मावसभाऊ तिथे गोदामात आहे. ३० जून २०२१ च्या आत त्याने सेटलमेंटचा, म्हणजे ब्रिटनमध्ये राहू देण्याचा, अर्ज टाकला, तो तरला. धाकट्याचा पोर्तुगीज पासपोर्ट २०२२ ला हातात आला. त्याच कागदावर आता स्विंडनचं काम मिळत नाही, आयर्लंडचं मिळतं. तो कॉर्कला राहतो. दोघा भावांच्या मध्ये एक समुद्र आणि एक तारीख. आई पणजीहून दोघांना वेगवेगळी चणे-मिठाई पाठवते आणि कोणाची आधी पोचली त्यावरून भांडण.

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार. आईचा व्हिसा भिंगातून बघितला, बीआयव्हीएस आहे! म्हणजे पहिल्यांदाच परदेशी येणारी माझी आई लेस्टरला जाऊ शकते आणि चार वर्षं इथे कर भरणारा मी विमानतळावरून टाटा करणार. आई फोनवर खूश, म्हणाली, तू राहू दे, मी बघून येते आणि सांगते.

रॉटरडॅमच्या एका ठोकवाल्याला फोन केला. किमान एक पॅलेट घ्यावं लागतं. भाव लेस्टरपेक्षा जास्त, इथल्यापेक्षा कमी. मागच्या खोलीत पॅलेट मावतं का ते टेपने मोजलं. खाट बाहेर काढली तर मावतं.

दाजींना ‘स्मगलिंग’ हा शब्द आवडलेला नाही. आता ते म्हणतात, निदान आई परत येताना तिच्या बॅगेत चार किलो खवा आणि पेढे देतो.

बंदरावरची

ब्रिटनहून इकडे येताना सामानात दुधाचं काही चालत नाही, मांसाचंही नाही, एक किलोसुद्धा. ग्रीन चॅनलमधून आई एकट्या येणार, आणि दाजींच्या पेढ्यांसाठी त्यांना तिथे उभं करू नका. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी या खाण्यापिण्याच्या तपासण्या सैल करायचं तत्त्वतः ठरवलंय, पण मार्चच्या बॅगेला त्याचा उपयोग नाही. पेढे तिकडेच संपवून या म्हणावं. चिवडा आणला तर चालेल.