माझदा: एवढ्या छोट्या कंपनीचा एवढा लौकिक कशामुळे?

दक्षिणवारा (मेलबर्न) यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. गेल्या वर्षापासून नोकरीनिमित्त मेलबर्नला राहतो. भारतात असताना 'माझदा' हे नाव मला फक्त स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे ठाऊक होते. इथे मात्र दर दहा-पंधरा गाड्यांमागे एक माझदा दिसते आणि २०११ व २०१२ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियात सर्वाधिक खपलेली गाडी माझदा ३ होती, हे वाचून मला आश्चर्य वाटले. सध्या वापरलेली गाडी घेण्याचा विचार चालू आहे. कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की डोळे झाकून टोयोटा घ्यावी. दुसरा म्हणतो की एकदा माझदा चालवली की दुसऱ्या गाडीत मन रमत नाही, आणि तिसऱ्याच्या मते ती मुळात फोर्डचीच गाडी असून नाव तेवढे जपानी आहे. या कंपनीचा खरा इतिहास काय, रोटरी इंजिनाबद्दल लोक एवढ्या आदराने का बोलतात आणि तो लौकिक आजच्या गाड्यांना कितपत लागू पडतो, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_गिअर

फोर्डचा मुद्दा आधी निकालात काढतो. फोर्डने १९७९ मध्ये माझदाचे सुमारे पाव भाग घेतले, १९९६ मध्ये हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस यांना अध्यक्षपदी बसवले. एखाद्या जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी परदेशी व्यक्ती येण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे २००८ च्या आर्थिक संकटात फोर्डलाच पैशांची चणचण भासू लागल्यावर त्यांनी टप्प्याटप्प्याने हिस्सा विकला आणि २०१५ पर्यंत ते पूर्णपणे बाहेर पडले. सध्या टोयोटाकडे सुमारे पाच टक्के भाग आहेत, परंतु त्यामुळे माझदा टोयोटाची होत नाही.

आता मूळ गोष्ट. १९२० मध्ये हिरोशिमात 'तोयो कॉर्क कोग्यो' नावाचा बुचाच्या कृत्रिम लाकडाचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा त्याचे अध्यक्ष झाले, कंपनी यंत्रसामग्रीकडे वळली आणि १९३१ मध्ये तिने तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. तिचे नाव 'माझदा-गो'. संस्थापकाच्या आडनावाशी जुळणारे आणि पारशी बांधवांच्या अहुर मज्दाचे स्मरण करून देणारे नाव त्यांनी निवडले, ते पुढे कंपनीलाच चिकटले. अधिकृत नाव मात्र १९८४ मध्ये बदलले.

या कंपनीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर ६ ऑगस्ट १९४५ टाळून चालत नाही. तो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्यांचा कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी आडवी आली, म्हणून इमारती बव्हंशी उभ्या राहिल्या. मात्र शहरात गेलेले अनेक कामगार परतले नाहीत. हिरोशिमा प्रांताच्या प्रशासनाला बसायला जागा उरली नव्हती, तेव्हा पुढील जवळपास वर्षभर सरकारी कामकाज याच कारखान्याच्या आवारातून चालले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. भाजून निघालेल्या शहरात विटा, लाकूड आणि धान्य वाहणारी वाहने कोणाची असतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. हिरोशिमाचे लोक माझदाला 'आपली' कंपनी का मानतात, हे तिथून लक्षात येते. शहराच्या बेसबॉल संघाच्या नावातही 'तोयो' आहे, ते याच कंपनीचे.

यंत्रशाळा

रोटरीबद्दल मी लिहितो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि त्यावर दंतकथाही फार आहेत.

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करावे लागते. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या रचनेत दट्ट्याच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, मध्ये किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो; त्याची तीनही टोके सतत भिंतीला टेकलेली असतात आणि प्रत्येक बाजूपुढील जागा फिरता फिरता लहानमोठी होत जाऊन इंधन आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे उरकते. व्हॉल्व्ह नाहीत, हादरे कमी, वजन कमी, आणि आकाराच्या मानाने ताकद भरपूर.

१९६० च्या सुमारास जपानचे सरकार लहान मोटार कंपन्यांचे मोठ्यांत विलीनीकरण करण्याच्या विचारात होते. जुजिरोंचे वारस त्सुनेजी मात्सुदा यांना स्वतंत्र राहायचे होते आणि त्यासाठी इतर कोणाकडेही नसलेले काहीतरी हवे होते. त्यांनी १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी परवान्याचा करार केला. इंजिन हाती आले तेव्हा उमगले की पैसे मोजून एक न सुटलेले कोडेच विकत घेतले आहे. रोटरच्या टोकांवरील सील, म्हणजे भिंतीशी फट राहू न देणाऱ्या पट्ट्या, थरथरत असल्यामुळे काही तासांतच आतल्या गुळगुळीत भिंतीवर आडव्या ओरखड्यांची रांग उमटत असे. अभियंते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा गट या कामावर बसला. जपानी इतिहासातील ४७ रोनिन सामुराईंवरून त्यांना तेच नाव पडले. सीलची घडण बदलून थरथरीची वारंवारता हलवणे आणि शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेले सील वापरणे, अशा वाटेने उत्तर सापडले. मे १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीस आली: दोन रोटर, ९८२ सीसी, ११० अश्वशक्ती. त्याच वर्षी एनएसयूनेही आपली 'आरओ ८०' आणली, परंतु तिची इंजिने वॉरंटीतच बदलून देताना कंपनीच्या नाकी नऊ आले आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगन समूहात ऑडीच्या जोडीने विलीन झाली. ज्याने तंत्र विकले तो बुडाला आणि ज्याने विकत घेतले तो तरला. मोटारींच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल.

अर्थात रोटरी खादाड आहे. पोकळी लांब आणि चपटी असल्याने इंधन पूर्ण जळत नाही आणि सीलना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम जाळावेच लागते. १९७३ च्या तेलसंकटात हे अंगाशी आले. अमेरिकेतील विक्री कोसळली, कंपनी डबघाईला आली आणि सुमितोमो बँकेने कारभारात हात घालून तिला सावरले. कारखान्यातील हजारो कामगारांना गाड्या विकण्यासाठी वितरकांकडे पाठवण्यात आले. तरीही माझदाने रोटरी सोडली नाही. १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आणली. जनरल मोटर्ससारख्या धनाढ्य कंपनीने जे प्रकरण गुंडाळून ठेवले, ते कर्जात बुडालेल्या कंपनीने जपले, यात शहाणपण किती आणि हट्ट किती हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते हट्टच जास्त.

आणि १९९१ चे ल मान, म्हणजे फ्रान्समधील चोवीस तासांची मोटारशर्यत! चार रोटरांची '७८७बी', ५५ क्रमांक, चालक वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो. ३६२ फेऱ्या पूर्ण करून ती पहिली आली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. गाडीतून उतरल्यावर जॉनी हर्बर्ट इतके गळून गेले होते की त्यांना विजयमंचावरही जाता आले नाही.

कोरडा_हिशेब

यंत्रशाळा यांनी फार सुरेख लिहिले आहे, पण ल मानच्या बाबतीत दोन गोष्टी जोडतो, कारण चाहत्यांच्या कथनात त्या नेमक्या गळतात. एक म्हणजे मर्सिडीज आणि जॅग्वारच्या गाड्यांना किमान १००० किलो वजन ठेवावे लागले, तर माझदाला ८३० किलोची सवलत होती. ती त्यांनी आयोजकांशी वाटाघाटी करून मिळवली होती. शिवाय आघाडीवरची मर्सिडीज इंजिन तापल्यामुळे अखेरच्या काही तासांत बाद झाली. दुसरी म्हणजे 'माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली' हे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. साडेतीन लिटरच्या नेहमीच्या इंजिनांचा नवा नियम त्या शर्यतीपूर्वीच ठरलेला होता. चोवीस तास न मोडता धावणे हे कर्तृत्व कोणी नाकारत नाही. त्याला बंदीच्या कहाणीची गरजही नाही.

लौकिकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जपानच्या तेजीच्या काळात या कंपनीने एकाच देशात विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उघडल्या: माझदा, अनफिनी, युनोस, ऑटोझाम आणि ऑटोरामा. एकच गाडी किंचित चेहरा बदलून तीन नावांनी विकली जाई, त्यामुळे गिऱ्हाइकाला काय कुठे मिळते तेच कळेना. फुगा फुटल्यावर माल खपवण्यासाठी भरमसाट सवलती दिल्या गेल्या. सवलतीमुळे जुन्या गाडीचा भाव पडला, भाव पडल्याने इतर कंपन्यांचे वितरक ती बदल्यात घेताना कवडीमोल किंमत करू लागले, आणि बरी किंमत फक्त माझदाचाच वितरक देत असल्याने मालकाला पुन्हा माझदाच घ्यावी लागे. जपानी लोक या फेऱ्याला 'माझदा नरक' म्हणत. ही बदनामी धुऊन काढायला त्यांना दोन दशके लागली.

ती धुतली गेली ती २०१२ च्या 'सीएक्स-५' पासून. फोर्ड हात आखडता घेत असताना माझदाने इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा एकाच वेळी नव्याने बांधले. पेट्रोल इंजिनात १४:१ पर्यंत उंच आणि डिझेल इंजिनात तेवढेच खाली आणलेले दाबाचे गुणोत्तर (पेटण्यापूर्वी आतली हवा किती पट दाबली जाते ते) ही त्यातील मुख्य करामत होती. २०२० मध्ये अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा टोयोटाच्याही वर होती. तथापि २०२४ मध्ये टोयोटा, होंडा यांच्यासोबत माझदानेही प्रमाणन चाचण्यांतील गैरप्रकारांची कबुली दिली, हेही नोंदवून ठेवावे. वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीला असे डाग टोयोटापेक्षा महाग पडतात.

घाटरस्ता (नाशिक)

स्वराज माझदाविषयी थोडेसे. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांच्या भागीदारीतून ऐंशीच्या दशकात हा कारखाना पंजाबात रोपडजवळ उभा राहिला. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी अनेक जपानी कंपन्या त्या काळात भारतात आल्या होत्या, त्यांपैकीच ही एक. पुढे माझदा बाहेर पडली, इसुझू आली आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव एसएमएल इसुझू झाले. तरी आमच्याकडे चालक अजूनही तिला 'माझदा'च म्हणतात. माझदाच्या मोटारी मात्र भारतात कधीच रीतसर विकल्या गेल्या नाहीत, त्यामुळे 'एमएक्स-५' ही जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त पडद्यावरच पाहिली आहे.

दक्षिणवारा (मेलबर्न)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता नेमके विचारतो: माझ्यासमोर २०१५ च्या आसपासच्या दोन 'सीएक्स-५' आहेत, एक पेट्रोल आणि एक डिझेल. डिझेल थोडी स्वस्त मिळते आहे. माझा रोजचा प्रवास रेल्वे स्थानकापर्यंत आणि परत, एवढाच आहे.

कोरडा_हिशेब

मग पेट्रोल घ्या, दुसरा विचार नको. डिझेलच्या धुराड्यातील गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी इंजिन जादा इंधन सोडते. गाडी पुरेशी तापण्याआधीच तुम्ही स्थानकावर पोहोचून ती बंद केलीत तर ते काम अर्धवट राहते, आणि न जळलेले डिझेल खाली झिरपून इंजिन तेलात मिसळते. तेल पातळ होते आणि त्याची पातळी घटण्याऐवजी वाढत जाते. ती स्वस्त डिझेल तरीही पाहणार असाल तर तेलाची कांडी बाहेर काढून तपासा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल किंवा तेलाला डिझेलचा वास येत असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

जुन्या माझदांच्या मागील चाकांवरील कमानी गंजतात अशी तक्रार तुमच्या वाचनात येईल. ती प्रामुख्याने कॅनडा आणि उत्तर युरोपातील आहे, जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मेलबर्नच्या गाडीला तो धोका कमी असला, तरी गाडी समुद्रकिनाऱ्याजवळ उघड्यावर राहिलेली असेल तर कमानीच्या आतल्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. रंगाखाली फुगवटे लागले तर मालकाला आधीच्या पत्त्याबद्दल विचारा. आणि सर्व्हिसची वही मागायला विसरू नका.