फिक्स डबल ग्लास घ्या, पण भिंत बघून

रंकाळ्याकडच्या घराला पश्चिमेची अख्खी भिंत फिक्स डबल ग्लासची, म्हणजे न उघडणाऱ्या दुहेरी काचेची करू का, असं विचारलंय तुम्ही. वर सगळ्यांनी 'घ्या' म्हटलंय. माझं मत जरा वेगळं आहे.

दोन काचांमधली कोंडलेली हवा उष्णता अडवते. एका काचेच्या मानाने साधारण निम्मीच आत येते. पण थेट ऊन साध्या डबल ग्लासमधून बऱ्यापैकी आरपार येतं, आणि पश्चिमेचं उतरतं ऊन छज्ज्याखालूनही घुसतं. तिथे लो-ई कोटिंगची, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली काच घ्या, कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. नुसता उजेडच हवा असेल तर उत्तरेला मोठी फिक्स लावा, डोळे झाकून.

आणि एसी नसेल तर शेजारी एक उघडणारं तावदान ठेवाच राव! एप्रिलच्या रात्रीचा वारा काचेबाहेर ठेवून काय उपयोग?

दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. सील गेलं की काचांच्या आत वाफ धरते, ती पुसता येत नाही. आपल्याकडचा पाऊस बघता सीलची वॉरंटी लेखी घ्या. माप गिलावा झाल्यावरच द्या, तयार युनिट नंतर कापता येत नाही. वरच्या मजल्यावर बाहेरून काच कोण पुसणार, तेही आत्ताच ठरवा.